तांडेलाचं शेवटचं पान

मी आरमाराच्या लढायांची कादंबरी लिहिली आहे असं कळलं की लोक आधी मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग विचारतात, तुम्ही बोटीवर होतात का? नव्हते. शाळेच्या सहलीत घारापुरीला जाताना लाँचमध्ये जी मळमळ सुरू झाली ती परत धक्क्यावर पाय ठेवेपर्यंत थांबली नाही, एवढाच माझा सागरी अनुभव. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. राहायला कोपरीला. पोहता येत नाही. आता विचारा पुढचं.

पण ओढ होती, आणि ती कुठून लागली हे मला नेमकं सांगता येतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांचं वाचनालय होतं. त्याच्या सगळ्यात खालच्या फळीवर सागरी साहसांची पुस्तकं असायची, सगळी परक्या देशांतली, कुणी कुणी मराठीत आणलेली. तोफा, वादळं, बंड करणारे खलाशी, खोलीत एकट्यानं जेवणारे कप्तान. मी ती इतक्यांदा नेली की वाचनालयातल्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, अगं, जरा जमिनीवरचंही काही वाच. मला मात्र एकाच गोष्टीचं वाईट वाटायचं. एवढ्या मोठमोठ्या जहाजांवर मराठीत शिवी घालणारा एकही माणूस नव्हता. शाळेत तर शिकवलं होतं की मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं इथंच, कल्याणच्या खाडीत बांधली. मग त्यांच्यावरची माणसं कुठं गेली? ती काय खायची, कुणाला घाबरायची, त्यांची घरी कोण वाट बघायचं? इतिहासाच्या पुस्तकात तह होते, सनावळ्या होत्या, ही माणसं नव्हती. खाडीवरच्या पुलावरून जाताना खाली गढूळ पाणी दिसायचं आणि मला त्यावर एक शीड हवं असायचं. हसण्यासारखं आहे, पण अजूनही हवं असतं.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी स्वतःच लिहायला घेतलं. गोष्ट साधी होती. कल्याणला बांधलेलं एक गलबत, त्यात दारूगोळा भरलेला, आणि तो एका जलदुर्गावर पोचवायचा. खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांची जहाजं वाट अडवून उभी. त्यांच्यामधून निसटायचं. ड्रॉइंगची सवय असल्यामुळे मी आधी गलबताच्या आकृत्या काढल्या, वरून, बाजूनं, छेद घेऊन. मग माणसं भरली. एक सरदार नायक केला, त्याच्या हातात दुर्बीण दिली. एक तांडेलही केला, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पण तो नुसता मागं उभा राहून हुकूम पाळायचा. आठ प्रकरणं झाली तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी जबरदस्त करतो आहोत.

ती आठ प्रकरणं मी ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून छापली. आमच्या मशीन शॉपमधला एक कारागीर ड्रॉइंग न्यायला आला होता, त्यानं वाट बघता बघता टेबलावरचं वरचं पान उचललं आणि वाचायला लागला. वाचता वाचता हसला. मला राग आला. प्रसंग विनोदी नव्हता. तो म्हणाला, मॅडम, रागावू नका, पण हे आमच्या बाबांना ऐकवा; ते शिडाच्या होडीवर तांडेल होते. मला वाटलं, थापा मारतोय. शिडाच्या होडीवरचा तांडेल जिवंत कसा असेल, तो तर माझ्या कादंबरीतला माणूस.

पण होता. खाडीकाठच्या बाळकुमला, सातव्या मजल्यावर. त्यांची शेतं होती तिथं आता टॉवर उभे आहेत आणि त्यांतलेच काही फ्लॅट त्यांच्या वाट्याला आलेले. म्हातारबाबा गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले, पंच्याऐंशीच्या आसपासचे, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही काही दिसत नसलेले. समोरच्या दोन इमारतींच्या मधून खाडीची दोन हात रुंद पट्टी दिसायची. त्यांना ती दिसत नव्हती, पण तोंड तिकडेच. गॅलरीच्या दोरीवर बोंबील वाळत होते. सोसायटीनं त्याबद्दल दोनदा नोटीस दिली आहे असं त्यांच्या सुनेनं चहा देताना मला अभिमानानं सांगितलं. तरुणपणी बाबा रेती आणि विटा भरलेली होडी शिडावर मुंबईपर्यंत न्यायचे. पुढं इंजिनं आली, मग पूल आणि ट्रक आले, आणि शिडं गेली.

मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं की मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला भर दुपारी बारा वाजता गलबतानं कल्याणचा धक्का सोडला. बाबांनी एक बोट वर केलं. पुढच्या सगळ्या भेटींत मला त्या बोटाची धास्ती असायची. बोटांची पेरं अंगठ्यानं मोजत ते काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले,

"बाय, अष्टमीला बारा वाजता तिकरं चिखल असतंय. तुजा गलबत काय चालत जेला?"

आत स्वयंपाकघरात सून फसकन हसली. मी ओशाळून विचारलं, हे कसं काढलंत? मग त्यांनी मला ते गणित शिकवलं, जे खाडीकाठच्या प्रत्येक होडीवाल्याला येतं आणि माझ्या एकाही संदर्भग्रंथात नव्हतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल तितक्या वाजता खाडीच्या तोंडाशी भरती पूर्ण. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला आठाचे सहा. तिथून साधारण सहा तास पाणी ओसरायचं, मग पुन्हा भरायचं. अष्टमीला सकाळी सहाची भरती, म्हणजे बाराला पार ओहोटी आणि कल्याणच्या धक्क्याला गाळ.

मी इंग्रजी सागरी कादंबऱ्यांतून वारा शिकले होते, दोरखंडांची नावं शिकले होते, तोफेत दारू किती भरायची ते शिकले होते. पाण्याचा विचारच केला नव्हता, कारण ती जहाजं खोल समुद्रातली. खाडीचं गलबत भरतीच्या तब्येतीनं चालतं. त्या दिवशी घरी जाऊन मी सगळ्या प्रकरणांच्या तिथ्या तपासल्या. आठांपैकी पाच ठिकाणी माझं गलबत चिखलात चालत होतं.

पुढं दीड वर्ष मी दर रविवारी सकाळी बाळकुमला जात राहिले. आयुष्यात मी इतकी आनंदात फार कमी वेळा होते, हे तेव्हा कळलं नाही. मी नवीन प्रकरण वाचायची, बाबा सुरुवातीलाच विचारायचे, "तीथ कनची?" तिथी सांगितली की पेरं मोजून मान हलवायचे, मग ऐकायचे. जुन्या मराठी पत्रांत इंग्रजी तारीख नसते, तिथी असते, त्यामुळे बाबांना माझ्या गोष्टीतलं तीनशे वर्षांपूर्वीचं पाणी आजच्या पाण्याइतकंच ओळखीचं होतं. ते असं बोलायचे की, हां, मग तुझी माणसं सातला जेवून निघाली असतील. जणू काल संध्याकाळचीच गोष्ट.

माझ्या जहाजावर तासातासाला घंटा वाजायची, ती त्यांनी काढायला लावली. कोण रिकामा आहे घंटा वाजवायला, असं त्यांचं म्हणणं. माझा सरदार एकटा जेवायचा, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. चूल कुठं आहे? मी चूल काढलीच नव्हती, छेद घेतलेल्या आकृतीतसुद्धा. मग गलबताच्या मागच्या बाजूला रेतीच्या पेटीत मातीची चूल आली, आणि तिच्याभोवती तांडेल बसला. तिथून तो उठेचना. सरदार राहिला दुर्बीण घेऊन एका बाजूला, आणि तांडेलच गोष्ट चालवायला लागला. बाबा त्याच्याबद्दल एकेक सांगत जायचे आणि मी लिहून घ्यायची. तो बोट पाण्यात बुडवून चाखतो आणि खारटपणावरून सांगतो की समुद्र किती लांब आहे. तो शिडाला दटावतो, आळशी म्हणतो. सुक्या बोंबलाशिवाय त्याचा घास उतरत नाही. पहाटेचा जमिनीवरचा मतलई वारा सुटला की उगाच गातो, आणि सूर अजिबात बरा नाही. मला वाटायचं, बाबा स्वतःचंच सांगतायत. एरवी सगळ्यांना दटावणारा माणूस इतका मऊ होऊन सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाचं असणार?

सून स्वयंपाकघरातून ऐकत असायची. बारावी झालेली, चुणचुणीत बाई. बाबांना रोज पेपर वाचून दाखवायची. मी एखाद्या रविवारी गेले नाही तर आधीचं प्रकरण ती त्यांना पुन्हा वाचून दाखवायची, म्हणून मी झालेल्या प्रकरणांच्या प्रती तिथं ठेवायला लागले.

तांडेल मरणार हे मी पहिल्यापासून ठरवलेलं. गलबत निसटायचं, दारूगोळा पोचायचा, आणि ज्यानं ते पोचवलं तो खाडीच्या तोंडाशी पाण्यात पडून ओहोटीबरोबर समुद्रात जायचा. त्याशिवाय त्या सुटकेला किंमत येत नाही. लहानपणी वाचलेल्या प्रत्येक चांगल्या सागरी कथेत कुणीतरी असं जायचंच, आणि मी त्यांच्यासाठी वाचनालयाच्या पायरीवर बसून रडले होते. मला वाटायचं, आपल्या माणसासाठीही कुणीतरी असं रडलं पाहिजे.

शेवटचं प्रकरण घेऊन मी गेले तो रविवार मला पक्का आठवतो. प्रकरणातली तिथी वद्य दशमी, वेळ सकाळी सहा. मी आधी ती लढाई शुद्ध चतुर्थीला घातली होती, पण मला पहाटे चांदणं हवं झालं आणि चतुर्थीचा चंद्र रात्री लवकरच बुडतो. म्हणून मागाहून दशमी केली. मी वाचत गेले. फिरंग्यांच्या दोन जहाजांमधून गलबत निघालं, परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, गोळा लागून फिरली, तांडेलाच्या डोक्यात बसली, तो पाण्यात पडला, आणि ओहोटीनं त्याला समुद्राकडे नेलं. सुनेनं गॅस बंद केला होता.

बाबांनी बोट वर केलं नाही. दोन्ही हात मांडीवरच. मग पेरं मोजायला लागले, आणि मला एकदम कळलं की माझं चुकलंय. दहाची पाऊणपट साडेसात. सहाला भरती चालू होती.

"पानी आत येत व्हतं," बाबा म्हणाले. "त्याला घरा आन, बाय."

मी म्हटलं, हो, तिथी चुकली, मी नीट करते. ते म्हणाले, तीथ बरोबर आहे, तू पुढचं नीट कर. मी हसून टाळायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाबा, गोष्टीत तो मरायलाच हवा. त्यांनी मला विचारलं, कुणाला हवा? मी चिडले. मी त्यांना लांबलचक भाषण दिलं: कथेची गरज, त्यागाची किंमत, वाचकाच्या मनावर राहणारा ठसा. सगळं ऐकून ते पुन्हा तेच म्हणाले, घरी आण.

सून मला सोडायला लिफ्टपर्यंत आली. लिफ्ट यायला वेळ लागत होता, तेवढ्यात तिनं सांगितलं. बाबांना धाकटा भाऊ होता, त्यांच्याच होडीवर. पाणी चाखणं, शिडाला दटावणं, बेसूर गाणं, ते सगळं त्याचं. एका पंचमीला, दुपारी साडेचारच्या सुमाराला, खाडीच्या तोंडाशी होडी वळवताना परबाण फिरली आणि त्याला लागली. सुकाणू बाबांच्या हातात होतं. पंचमीची भरती पावणेचारची, म्हणजे पाणी बाहेर चालू लागलेलं. आठ दिवस शोधलं, मिळाला नाही. "तासभर आधी पडला असता तर पाण्यानं आत आणला असता," सून म्हणाली. "बाबा अजून तेच मोजतात, ताई. तुम्ही नसता तेव्हासुद्धा."

हे ऐकल्यावर माणसानं काय करावं ते सांगायला कुणी ज्ञानी लागत नाही. पण मी लेखिका होते, आणि तेही नवी, म्हणजे सगळ्यात वाईट जातीची. घरी जाताना मला आधी रडू आलं, आणि कोपरीच्या पुलापर्यंत पोचेपर्यंत राग. मला वाटलं, हे मला मुद्दाम सांगितलं. वाटलं, त्यांच्या दुःखाची भरपाई करायला मी कादंबरी लिहीत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या शेवटच्या पानावर माझं प्रेम होतं. ते पान मी इतकी वर्षं मनात बाळगलं होतं की त्यातून माणूस जिवंत बाहेर काढायचा म्हणजे माझंच काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटत होतं. त्या आठवड्यात मी चांदणं खोडलं, दशमीची पुन्हा चतुर्थी केली. चाराचे तीन. पहाटे तीनला भरती, सहाला पाणी जोरात बाहेर. आता कुणाला बोट वर करता येणार नव्हतं. बाबांनी शिकवलेलं गणित वापरून मी त्यांच्या भावाला दुसऱ्यांदा बुडवलं.

पुस्तक छापून आलं. लोकांना शेवट आवडला. दोघांतिघांनी कळवलं की रडू आलं. मी बाबांची प्रत कुरिअरनं पाठवली. कोपरीहून बाळकुम, अर्ध्या तासाचं अंतर, आणि कुरिअरनं. आमच्या कारखान्यातल्या त्यांच्या मुलानं मला दोनतीनदा सांगितलं की बाबा आठवण काढतात, रविवारी या. मी म्हणायची, येते, जरा गडबड आहे. पाच महिने गडबड होती.

शेवटी एका रविवारी गेले. बाबा आता गॅलरीत नव्हते, आतल्या खोलीत पलंगावर होते, हात सुकलेले. माझा आवाज ऐकल्यावर त्यांनी हात पुढं केला. मी धरला. मला वाटलं, आता विचारतील, आणि मी काय सांगायचं ते वाटेत पाठ करून आले होते. त्यांनी काही विचारलं नाही.

"आनलास तू त्याला," ते म्हणाले.

मला कळेना. मी मान वर करून बघितलं, तर सून दारात उभी होती, हातात माझं पुस्तक, आणि माझ्याकडे अशी बघत होती की मी गप्पच राहिले. बाबा सुनेला म्हणाले, आता ही आलीच आहे तर वाच गो, शेवटचं वाच. सूनबाईंनी मला खुर्ची दिली, पलंगाच्या कडेला बसल्या, पुस्तक उघडलं. शेवटच्याच पानावर उघडलं, ते मी पाहिलं.

वाचायला सुरुवात केली ती माझ्या वाक्यांनी. पण पहिल्याच ओळीत छापलेली चतुर्थी त्यांनी दशमी वाचली. बाबांचा अंगठा पेरांवरून फिरला आणि थांबला. पुढच्या तीनचार ओळी माझ्या, परबाण फिरते, तांडेल पडतो, आणि मग सूनबाई माझ्या पुस्तकातून बाहेर पडल्या. नजर पानावरच. पान उलटलंसुद्धा, उलटायला नको तिथं. पाणी आत येत होतं, त्यांनी वाचलं. त्यानं तांडेलाला कांदळाच्या झाडांना धरून धरून आणला, खाडीच्या एका वळणावरून दुसऱ्या वळणावर. माझी मराठी नव्हती ती. अर्धी त्यांच्या माहेरची कल्याणकडची, अर्धी बाळकुमची. चिखलात निवट्या, म्हणजे गाळातले मासे, धरणाऱ्या बायकांनी त्याला आधी पाहिला आणि हाक मारली. आणि किनाऱ्यावर त्याचा मोठा भाऊ सकाळपासून उभा होता, गुडघाभर गाळात, हातात दोर घेऊन.

माझ्या कादंबरीत तांडेलाला भाऊ नव्हताच.

मोठ्या भावानं दोर टाकला, ओढून घेतला, अंगावरचा गाळ हातानं पुसला. मिठीबिठी मारली नाही. सूनबाई इथं थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी वाचलं नाही, कारण ते बाबांचं होतं. बाबांनी डोळे मिटूनच ते म्हटलं, रोजच्या सवयीनं, जरा दटावून:

"उशीर केलास. भात निवला."

मग ते हसले, आणि थोड्या वेळानं झोपले. मी तिथं बसून राहिले. मला लाज वाटली, ती तर वाटणारच होती. पण लाजेपेक्षा जास्त मला हेवा वाटला. मी आयुष्यभर ज्या माणसांच्या मागं लागले होते, जी कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हती, त्यांतली दोन माझ्यासमोर त्या खोलीत येऊन गेली होती, आणि आणली होती ती भाकरीचं पीठ हाताला लागलेल्या एका बाईनं, माझ्याच छापील पानावर नजर ठेवून.

बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाल्या, ताई, रागावू नका, शेवट मी माझ्या मनानं वाचते. छापलेलं एकदा मनात वाचून बघितलं आणि तोंडातून निघेना. मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी म्हटलं, नाही, रागावत नाही. एवढंच.

बाबा त्यानंतर महिनाभरानं गेले. अंत्यविधीला मी गेले होते. रविवारी जायला जागा उरली नाही हे मला त्या पुढच्या रविवारी, आवरून चप्पल घालताना कळलं. अजूनही सकाळी नऊच्या सुमाराला मला कुठंतरी जायचं राहिलंय असं वाटतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी दिसली की अंगठा आपोआप पेरांवर जातो. कुणाला सांगायचं नसतं, तरी भरतीची वेळ काढून होते.

यंदा प्रकाशकांनी कळवलं की दुसरी आवृत्ती काढू, काही दुरुस्त्या असतील तर द्या. मी त्याच दिवशी बाळकुमला गेले, फोन चार्ज करून, त्यात आवाज रेकॉर्ड करायची सोय नीट बघून. सूनबाईंना सांगितलं की मला ते पान हवंय, तुमच्या शब्दांत, पुस्तकात तुमचं नाव घालून. त्यांनी पुस्तक आणलं. पलंगाच्या कडेला बसल्या, पलंगावर आता घडी केलेली चादर. पान उघडलं, पहिल्या तीन ओळी वाचल्या, माझ्या, आणि थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबल्या. दर वेळी थोडं वेगळं यायचं, म्हणाल्या, मी कधी ठरवून वाचलं नाही. मी म्हटलं, आठवेल तसं सांगा, मी जोडून घेईन. त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"बाबा ऐकायचे म्हणून यायचं, ताई. आता कुणाला वाचू?"

त्यानंतर मी ते स्वतः लिहून पाहिलं. एकदा नाही, आठ वेळा. दशमी केली, पाणी आत आणलं, कांदळ लावलं, निवट्या धरणाऱ्या बायका आणल्या. तांडेलाला भाऊ दिला. तो गुडघाभर गाळात उभा आहे, हातात दोर आहे, तिथी बरोबर, वारा बरोबर, वाक्यात खोट काढायला जागा नाही. तांडेल किनाऱ्याला लागतो, भाऊ दोर टाकतो. पण त्या भावाकडे मी कितीही वेळ बघत बसले तरी तो सकाळपासून वाट बघत उभा आहे असं वाटत नाही. मी आणून उभा केलेला वाटतो. प्रकाशकांना मी कळवून टाकलं की दुरुस्ती काही नाही.